सरकारी हेरॉइन, डॉक्टरांच्या चिठ्ठीवर

हेरॉइनच्या व्यसनावर औषध म्हणून डॉक्टरांनी काय द्यावं? हेरॉइनच!

थट्टा नाही ही. स्वित्झर्लंड, नेदरलँड्स, जर्मनी, डेन्मार्क, कॅनडा आणि ब्रिटन या देशांत काही मोजक्या रुग्णांसाठी डॉक्टर रीतसर हेरॉइन लिहून देतात. स्वित्झर्लंडमध्ये असे दीड हजारांच्या आसपास रुग्ण आहेत आणि त्यांच्या हेरॉइनचा खर्च आरोग्य विम्यातून भागतो. ऐकणाऱ्याची पहिली प्रतिक्रिया ठरलेली असते: चोराच्या हाती जामदारखान्याच्या किल्ल्या! पण किल्ल्या नर्सच्या कमरेला असतात, आणि सगळी गंमत तिथेच आहे. हेरॉइनमधली सारी चोरी, सारा थरार काढून घेतला की उरतं ते वेळापत्रक, रांग आणि कागदपत्रं. इतकं रटाळ हेरॉइन जगात दुसरीकडे कुठेही मिळत नाही.

या रटाळ औषधाचा इतिहास मात्र भलताच रंगतदार आहे.

खोकल्यावर रामबाण

हेरॉइनचा जन्म गल्लीबोळात झालेला नाही. 1874 साली लंडनच्या सेंट मेरीज रुग्णालयात सी. आर. आल्डर राइट या रसायनशास्त्रज्ञाने मॉर्फिनवर प्रयोग करता करता ते पहिल्यांदा तयार केलं. फारसं कुणाचं लक्ष गेलं नाही. पुढे ऑगस्ट 1897 मध्ये जर्मनीतल्या बायर कंपनीच्या फेलिक्स हॉफमान यांनी ते पुन्हा बनवलं. त्याच्या जेमतेम दोन आठवडे आधी त्याच प्रयोगशाळेत, त्याच हॉफमान यांच्या हातून आणखी एक पदार्थ शुद्ध स्वरूपात तयार झाला होता. तो म्हणजे ॲस्पिरिन!

आता गंमत बघा. बायरने बाजारात आधी आणलं ते हेरॉइन, 1898 मध्ये. ॲस्पिरिनला वर्षभर थांबावं लागलं. ॲस्पिरिनमुळे हृदय अशक्त होईल अशी धास्ती कंपनीच्याच औषधतज्ज्ञाला वाटत होती. हेरॉइनबद्दल तशी धास्ती कुणाला वाटली नाही. क्षय आणि न्यूमोनियाने माणसं पटापट मरायची असा तो काळ. रात्रभर खोकून बेजार झालेल्या रोग्याला ज्याने झोप लागेल ते औषध डॉक्टरांना देवासारखं वाटलं. लहान मुलांच्या खोकल्यालाही हेरॉइन चालत असे. 1924 मध्ये अमेरिकेने त्यावर बंदी घातली. तोवर व्हायचं ते होऊन गेलं होतं.

आगीतून फुफाट्यात

एका व्यसनावर दुसऱ्या नशेचा उतारा हा डॉक्टरांचा जुना छंद आहे. 1884 साली व्हिएन्नातल्या एका तरुण डॉक्टरने मॉर्फिनच्या आहारी गेलेल्या आपल्या मित्राला कोकेन सुचवलं. मित्राचं नाव एर्न्स्ट फॉन फ्लाइशल-मार्क्सोव्ह, आणि डॉक्टरचं सिग्मुंड फ्रॉइड. मित्राचं मॉर्फिन काही सुटलं नाही, वर कोकेन चिकटलं. 1891 मध्ये तो गेला.

मग हेरॉइन आलं आणि काही डॉक्टर म्हणू लागले, मॉर्फिनचं व्यसन सोडवायला हे उत्तम! त्यानंतर हेरॉइन सोडवायला मेथाडोन आलं. हे जर्मन रसायनशास्त्रज्ञांनी दुसऱ्या महायुद्धाच्या सुमारास शोधलेलं वेदनाशामक. 1960च्या दशकात न्यूयॉर्कमध्ये व्हिन्सेंट डोल आणि मारी निस्वांडर यांनी ते व्यसनावरच्या उपचारात आणलं. या साखळीतली पहिली खरोखर उपयोगी कडी हीच. मेथाडोन तोंडावाटे घेता येतं, त्याचा असर दिवसभर टिकतो, तलफ शमते आणि डोक्याला झिंग फारशी येत नाही. आजही जगभर लाखो लोक त्यावर सावरलेले आहेत.

पण काही जणांना मेथाडोनही लागू पडत नाही. दोनदा, तीनदा, पाचदा उपचार घेऊनही ते पुन्हा रस्त्यावर आणि पुन्हा सुईवर येतात. चिठ्ठीवरचं हेरॉइन आहे ते या हट्टी मूठभरांसाठी. पहिल्यांदा आलेल्या पोराच्या हातात कुणी सिरिंज ठेवत नाही.

साहेबाची रीत

अमेरिकेत 1914च्या हॅरिसन कायद्यानंतर आणि 1919च्या सर्वोच्च न्यायालयाच्या निकालानंतर व्यसन्याला त्याचीच नशा लिहून देणारा डॉक्टर गुन्हेगार ठरू लागला. लुइझियानातल्या श्रीव्हपोर्ट गावात डॉ. विलिस बटलर व्यसनी रुग्णांना मॉर्फिन देणारा दवाखाना चालवत. गावकऱ्यांची तक्रार नव्हती, तरी 1923 मध्ये सरकारी दबावाखाली तो बंद पडला.

ब्रिटनने नेमकी उलटी वाट धरली. रॉयल कॉलेज ऑफ फिजिशियन्सचे अध्यक्ष सर हम्फ्री रोलस्टन यांच्या समितीने 1926 मध्ये निवाडा दिला की व्यसन हा आजार आहे, आणि एखादा रुग्ण ठरावीक मात्रेवर नीट संसार-नोकरी करत असेल, पण ती बंद केल्यावर कोलमडत असेल, तर डॉक्टरने त्याला ती मात्रा देत राहण्यात गैर काही नाही. पुढची चाळीस वर्षं ही पद्धत सुरळीत चालली, कारण मुळात रुग्णच थोडे होते. 1950च्या दशकाअखेरही अख्ख्या ब्रिटनमध्ये सरकारदरबारी नोंद असलेले हेरॉइनचे व्यसनी शंभराच्या आत होते. त्यातही बरेच जण आजारपणात मॉर्फिन घेता घेता अडकलेले, नाहीतर स्वतःच डॉक्टर आणि नर्सेस.

सहा लाख गोळ्यांची बाई

मग 1960चं दशक उजाडलं आणि सगळा डोलारा हलला. लंडनमधल्या काही खासगी डॉक्टरांनी हात इतका सैल सोडला की हेरॉइन चण्याफुटाण्यासारखं मिळू लागलं. कॅनडातून डझनावारी व्यसनी इंग्लंडला येऊन राहिले. अमेरिकन जॅझ ट्रम्पेटवादक चेट बेकर यालाही लंडनमध्ये अशी चिठ्ठी मिळाली.

सरकारने चौकशी समिती नेमली. समितीचे अध्यक्ष मेंदूतज्ज्ञ, आणि त्यांचं आडनाव ब्रेन! लॉर्ड ब्रेन 'ब्रेन' याच नावाच्या वैद्यकीय नियतकालिकाचे संपादकही होते. असं पात्र कादंबरीत घातलं तर संपादक म्हणेल, जरा आवरा.

या ब्रेन समितीच्या 1965च्या अहवालातली एक ओळ वाचून मंत्र्यांचे डोळे पांढरे झाले असतील. 1962 या एका वर्षात एकाच डॉक्टरने हेरॉइनच्या जवळजवळ 6 लाख गोळ्या लिहून दिल्या होत्या. म्हणजे 6 किलो! याच डॉक्टरने एका रुग्णाला एकदा 900 गोळ्या दिल्या आणि तीनच दिवसांनी आणखी 600 दिल्या. कारण? आधीच्या म्हणे अपघातात हरवल्या. अहवालात डॉक्टरचं नाव नाही, पण अभ्यासकांचा रोख लेडी इझाबेला फ्रँकाऊ या मानसोपचारतज्ज्ञ बाईंकडे आहे. पैशासाठी हे केलं असा आरोप त्यांच्यावर फारसा झाला नाही. रुग्णाला काळ्या बाजारात जावं लागू नये म्हणून हात न राखता द्यायचं, असं त्यांचं एकूण धोरण होतं. चांगुलपणानेही केवढा घोळ घालता येतो!

जादा गोळ्या अर्थातच काळ्या बाजारात विकल्या जात. पिकॅडिली सर्कसमधल्या बूट्स कंपनीच्या अहोरात्र उघड्या औषधदुकानात मध्यरात्री झुंबड उडे, कारण घड्याळात बाराचे ठोके पडले की दुसऱ्या दिवसाच्या तारखेची चिठ्ठी वटवता येई. 1964 मध्ये नोंदलेले हेरॉइन-व्यसनी 342 झाले होते. आकडा आज किरकोळ वाटेल, पण वाढीचा वेग पाहून ब्रिटन घाबरलं. 1968 पासून व्यसनासाठी हेरॉइन लिहायला खास सरकारी परवाना लागू लागला आणि डॉक्टरांनी हळूहळू मेथाडोनकडे मोर्चा वळवला.

वेदनेसाठी मात्र हेरॉइन कधीच बंद झालं नाही. ब्रिटनमध्ये कॅन्सरच्या शेवटच्या टप्प्यात, हृदयविकाराच्या झटक्यात, कधी बाळंतकळांतसुद्धा ते 'डायमॉर्फिन' या सभ्य नावाने दिलं जातं.

सुयांची बाग

आता चला झुरिकला. बँका, घड्याळं, चॉकलेटं आणि वेळेवर धावणाऱ्या ट्रामचं हे शहर. मुख्य रेल्वे स्टेशनला लागून राष्ट्रीय संग्रहालय आहे आणि त्याच्या मागे, दोन नद्यांच्या संगमावर, प्लाट्झश्पिट्झ नावाची देखणी बाग आहे. 1980च्या दशकाअखेर या बागेत रोज शेकड्यांनी, वर्दळीच्या दिवशी हजारोंनी माणसं जमत आणि भरदिवसा टोचून घेत. पोलिसांनी ठरवून काणाडोळा केला होता. शहरभर पसरण्यापेक्षा एका जागी राहू दे, हा हिशेब. जगाच्या वर्तमानपत्रांनी बागेचं बारसं केलं: नीडल पार्क.

बागेवर एड्सचं सावट होतं. एकच सुई दहा हातांत फिरत होती आणि पश्चिम युरोपात एचआयव्हीचं प्रमाण स्वित्झर्लंडमध्ये सर्वांत वर गेलं होतं. 1985 मध्ये झुरिकच्या आरोग्य खात्याने स्वच्छ सुया वाटणाऱ्या डॉक्टरांना परवाना काढून घेण्याची धमकी दिली, तर शेकडो डॉक्टरांनी जाहीर सह्या करून ती धुडकावली. पुढे बागेतच वैद्यकीय तळ उभा राहिला आणि दिवसाला हजारो सुया बदलून दिल्या जाऊ लागल्या. श्वास बंद पडलेल्या माणसाला शुद्धीवर आणणं हे तिथल्या डॉक्टरांचं रोजचं काम होतं.

फेब्रुवारी 1992 मध्ये बागेला कुलूप लागलं. गर्दी उठली ती जवळच्याच लेटन नावाच्या बंद पडलेल्या रेल्वे स्टेशनात जाऊन बसली. तिथे फेब्रुवारी 1995 मध्ये कुलूप लागलं. या वेळी मात्र सरकारकडे कुलपाशिवाय आणखी काहीतरी होतं. जानेवारी 1994 पासून मानसोपचारतज्ज्ञ आम्ब्रोस उख्तेनहागेन यांच्या देखरेखीखाली चिठ्ठीवरच्या हेरॉइनचा प्रयोग सुरू झाला होता. हजाराहून जास्त रुग्ण त्यात आले. झुरिकच्या बँकवाल्या मंडळींना एकदम करुणेचा पाझर फुटला असं कुणी समजू नये. बाग पुन्हा फिरायला मोकळी व्हावी, एवढा रोखठोक हेतूही त्यात होताच.

दवाखान्यात नेमकं काय चालतं?

रुग्ण दिवसातून दोनदा, काही ठिकाणी तीनदा येतो. वेळ ठरलेली. चुकली तर ती फेरी गेली. आधी त्याच्याकडे नीट निरखून पाहिलं जातं: डोळे, चाल, बोलणं. तोंडाशी दारू तपासायचं यंत्र धरलं जातं. दारू प्यायलेल्या माणसाला हेरॉइन दिलं तर श्वास थांबू शकतो, म्हणून यंत्राने चुगली केली की मात्रा कमी होते किंवा रिकाम्या हाती परत जावं लागतं. सगळं ठीक असेल तर खिडकीतून त्याच्या नावाची, त्याच्या मात्रेची भरलेली सिरिंज पुढे येते.

टोचायचं त्याचं त्याने. नर्स टोचत नाही, फक्त बघते. कुठली शीर वापरू नये हे सांगते, हात धुतले नसतील तर परत धाडते. खोली सरकारी दवाखान्यात शोभेल अशी: पुसता येणारं टेबल, प्लास्टिकची खुर्ची, पांढरा उजेड, कापूस, सुया टाकायचा डबा. काम झालं की सिरिंज परत करायची आणि वीस-तीस मिनिटं बसून राहायचं, कुणी देखरेख करत असताना. शेजारी प्राणवायू आणि नॅलॉक्सोन तयार असतं. नॅलॉक्सोन म्हणजे हेरॉइनचा असर काही मिनिटांत उलटवणारं औषध. मग कॉफी प्यायची, समाजसेविकेला घरभाड्याच्या कागदाचं विचारायचं आणि घरी जायचं.

एवढ्या फेऱ्या कशासाठी? हेरॉइन शरीरात फार लवकर मोडतं. मिनिटांत त्याचं मॉर्फिनमध्ये रूपांतर सुरू होतं आणि चार-सहा तासांत पुन्हा अंग मोडून यायला लागतं. रात्र निभावून न्यायला अनेकांना सोबत मेथाडोन देतात.

रुग्ण मागतील तेवढं द्यायचं म्हटल्यावर मात्रा वाढतच जाईल अशी सगळ्यांना भीती होती. तसं झालं नाही. काही आठवड्यांत जो तो आपल्या मात्रेवर स्थिरावला, स्विस प्रयोगात सरासरी दिवसाला 500 मिलिग्रॅमच्या आसपास. पुढे कित्येकांनी ती आपणहून कमी करून घेतली. उद्या मिळेल याची खात्री असली की आज साठवायची, ओरपायची गरज उरत नाही.

आणखी एक अनपेक्षित गोष्ट. शुद्ध हेरॉइन दारूसारखं यकृत नासवत नाही. ते श्वास दडपतं, पोट बांधून टाकतं आणि माणसाला गुलाम करतं, एवढे अवगुण पुरेसे आहेतच. पण रस्त्यावरच्या व्यसन्याचं शरीर कुजतं ते मुख्यतः भेसळीने, दुसऱ्याच्या सुईने आणि पुडीत नेमकं किती आहे हे न कळल्याने. दवाखाना हे तिन्ही धोके काढून घेतो. धोका शून्य होतो असं मात्र नाही. कॅनडातल्या एका प्रयोगात दवाखान्यातच अतिमात्रेचे आणि झटक्यांचे प्रसंग घडले. फरक इतकाच की समोर नर्स होती, आणि सगळे वाचले.

रुग्णांची खरी तक्रार वेगळीच असते: आता दिवसभर करायचं काय? हेरॉइनच्या व्यसन्याचा दिवस म्हणजे पूर्ण वेळ नोकरी. पैसे उभे करा, दलाल शोधा, पोलीस चुकवा, जागा शोधा, टोचा, आणि चार तासांनी पुन्हा पहिल्यापासून. ही नोकरी एका सकाळी सुटते आणि समोर रिकामा दिवस आ वासून उभा राहतो. म्हणून चांगल्या केंद्रांत सिरिंजइतकंच महत्त्व घर, काम आणि समुपदेशनाला असतं.

हेरॉइनला मतदान

स्विस लोक कुठल्याही गोष्टीवर मतदान घेतात, तसं यावरही घेतलं. 1997 मध्ये हे सगळं बंद करा म्हणणारा प्रस्ताव आला. 70 टक्क्यांहून जास्त लोकांनी तो फेटाळला. जून 1999 मध्ये चिठ्ठीवरच्या हेरॉइनला 54 टक्क्यांनी होकार दिला. नोव्हेंबर 2008 मध्ये ही पद्धत कायमची कायद्यात घ्यायची का असं विचारलं, तर 68 टक्के 'हो' म्हणाले. आणि त्याच दिवशी, त्याच मतपेटीत, गांजा कायदेशीर करायचा प्रस्ताव 63 टक्क्यांनी आपटला! हेरॉइनला हो, गांजाला नाही. वरवर उफराटं वाटतं, पण त्यात तर्क आहे. पहिला प्रश्न आजाऱ्याचा होता, दुसरा मौजेचा.

स्वित्झर्लंडमध्ये एका तुरुंगातही हा उपचार मिळू लागला. सोलोथुर्नजवळच्या ओबरशोनग्र्यून तुरुंगात 1995 पासून कैद्यांना हेरॉइन दिलं जाऊ लागलं. बहुतेक तुरुंगांत ते चोरून मिळतंच, इथे सरकार हजेरी लावून देऊ लागलं.

पैशांचा हिशेब

स्विस प्रयोगात एका रुग्णामागे दिवसाला 51 फ्रँक खर्च आला आणि समाजाचे 96 फ्रँक वाचले. वाचले ते मुख्यतः पोलीस तपासात आणि तुरुंगात. सुरुवातीला 69 टक्के रुग्ण चोरी, दलाली अशा वाटांनी पैसा मिळवत. दीड वर्षानंतर ते प्रमाण 10 टक्क्यांवर आलं. कायमची नोकरी असणारे 14 टक्क्यांवरून 32 टक्क्यांवर गेले. ब्रिटनमध्ये लंडन, ब्रायटन आणि डार्लिंग्टन इथे झालेल्या प्रयोगाचे निष्कर्ष 2010 मध्ये 'लॅन्सेट'मध्ये आले. हेरॉइन मिळालेल्यांपैकी 66 टक्क्यांनी रस्त्यावरचं हेरॉइन बऱ्यापैकी सोडलं, तोंडावाटे मेथाडोन मिळालेल्यांपैकी 19 टक्क्यांनी.

पण मला सर्वांत बोलकी वाटते ती झुरिकचीच आकडेवारी, 2006 मध्ये 'लॅन्सेट'मध्ये आलेली. 1990 मध्ये त्या परिसरात 850 जण नव्याने हेरॉइनकडे वळले होते, 2002 मध्ये 150. सरकार फुकट देतंय म्हटल्यावर तरुण पोरं धावत सुटतील असं विरोधकांचं भाकीत होतं. पोरांनी पाठ फिरवली. अभ्यासकांचा अंदाज असा की बंडखोरीचं प्रतीक असलेली गोष्ट आजाऱ्यांच्या रांगेत दिसू लागली आणि तिची शान गेली. ज्या गोष्टीसाठी चाळिशीपुढचे काका सकाळी दवाखान्यात नंबर लावतात, त्यात अठराव्या वर्षी कुणाला रस वाटेल?

दोन सिरिंज, एक कोडं

कॅनडातल्या व्हँकूव्हर आणि माँट्रियलच्या प्रयोगात काही मोजक्या रुग्णांना न सांगता हेरॉइनऐवजी हायड्रोमॉर्फोन हे रुग्णालयातलं नेहमीचं वेदनाशामक टोचायला दिलं गेलं. वर्षानुवर्षं हेरॉइनमध्ये मुरलेल्या या मंडळींना फरक ओळखता आला नाही! इतकी वर्षं ज्याच्यापायी आयुष्याची माती केली, ते कुठलं आणि हे कुठलं हे जिभेवर नसलं तरी रक्तात कळायला हवं होतं. संशोधकांना वाट दिसली. हेरॉइन या नावानेच पुढारी बिथरतात, तर दुसऱ्या नावाचं औषध वापरू. पुढच्या प्रयोगात तेही उपयोगी ठरलं. मधल्या काळात केंद्रीय आरोग्यमंत्र्यांनी हेरॉइनची वाट अडवली, प्रकरण कोर्टात गेलं आणि 2014 मध्ये व्हँकूव्हरच्या क्रॉसटाउन क्लिनिकमध्ये सिरिंज पुन्हा आल्या.

हेरॉइनच्या सिगारेटी

ब्रिटनमध्ये 1980च्या दशकात लिव्हरपूलजवळच्या विडनेसमध्ये डॉ. जॉन मार्क्स रुग्णांना हेरॉइन लिहून देत. सुई टाळावी म्हणून तिथे हेरॉइन घातलेल्या सिगारेटी औषधदुकानदार बनवून देई. सिगारेट आरोग्यास अपायकारक आहे हे त्या पाकिटावर छापलं होतं का, हे विचारायचा मोह होतो. 1990च्या दशकाच्या मध्यावर तो दवाखानाही बंद झाला.

फ्लूची लस अडकली, डायमॉर्फिन आटलं

लिव्हरपूलच्याच स्पीक भागात कायरॉन कंपनीचा कारखाना होता. तिथे फ्लूची लस बने आणि ब्रिटिश रुग्णालयांसाठी डायमॉर्फिनच्या कुप्याही भरल्या जात. 2004 मध्ये तिथलं काम अडखळलं. अमेरिकेत फ्लूच्या लशीचा गाजलेला तुटवडा झाला आणि ब्रिटनमध्ये डायमॉर्फिनचा.

ब्रिटनला डायमॉर्फिन पुरवणारी दुसरी कंपनी कोणती, माहीत आहे? आपली वोक्हार्ट! मुंबईच्या या कंपनीने 2003 मध्ये वेल्समधल्या रेक्सम गावातली सीपी फार्मास्युटिकल्स विकत घेतली होती. त्याच रेक्समच्या कारखान्यात 2020 नंतर ब्रिटन सरकारसाठी कोव्हिडच्या लशीच्या कुप्या भरल्या गेल्या.

सगळीकडे आलबेल नाही

ऑस्ट्रेलियाने कॅनबेरात असा प्रयोग करायची सगळी तयारी केली होती. ऑगस्ट 1997 मध्ये पंतप्रधान जॉन हॉवर्ड यांच्या मंत्रिमंडळाने तो एका बैठकीत मोडीत काढला. इंग्लंडमधल्या मिडल्सब्रोमध्ये 2019 मध्ये सुरू झालेलं केंद्र 2022 मध्ये पैसे नाहीत म्हणून बंद पडलं. रुग्णांचं पुढे काय, हा प्रश्न कुलूप लावणाऱ्यांना छळत नाही.

एक आक्षेप रास्त आहे: यात बरेच जण वर्षानुवर्षं हेरॉइनवरच राहतात. काही सोडतात, काही मेथाडोनकडे वळतात, पण पुष्कळ जण तिथेच म्हातारे होतात. स्विस केंद्रांपुढे आज गुडघेदुखी, मधुमेह आणि विसरभोळेपणा असलेल्या रुग्णांचा प्रश्न आहे. मला विचाराल तर ही तक्रार नव्हे, पावतीच आहे. प्लाट्झश्पिट्झच्या बागेत कुणी म्हातारं व्हायला उरत नव्हतं.

आणि आपल्याकडे?

कायदेशीर अफू काढून तिचा चीक निर्यात करणारा जगातला एकमेव देश भारत. मध्य प्रदेश, राजस्थान आणि उत्तर प्रदेशात सरकारी परवान्यावर शेती होते, माल नीमच आणि गाझीपूरच्या सरकारी कारखान्यांत जातो. माळव्याची अफू एकोणिसाव्या शतकात मुंबई बंदरातून चीनला जायची. त्या व्यापारात गब्बर झालेल्यांपैकी एक होते सर जमशेटजी जीजीभॉय. भायखळ्याचं जे. जे. रुग्णालय त्यांच्या देणगीतून उभं राहिलं. अफूच्या पैशाने हॉस्पिटल ही कल्पना मुंबईला नवी नाही.

1959 नंतर देशात अफू खाण्यावर बंदी आली, तरी नोंदलेल्या जुन्या अफूबाजांना वैद्यकीय दाखल्यावर सरकारी अफू मिळण्याची तरतूद राहिली. रोलस्टनसाहेबांची युक्ती आपण गुपचूप वापरतच होतो म्हणायची.

1980च्या दशकात मुंबईच्या फलाटांवर आणि पुण्याच्या गल्ल्यांत गर्द आलं, म्हणजे भेसळीचं हेरॉइन. पन्नीवर जाळून ओढायचं, पुडी संपली की 'टर्की' लागायची, म्हणजे नशा तुटून अंग मोडून यायचं. अनिल अवचटांनी त्यावर लिहिलं, पु. ल. आणि सुनीताबाई देशपांडे यांनी मदतीचा हात दिला आणि 1986 मध्ये डॉ. अनिता अवचट यांनी पुण्यात मुक्तांगण हे व्यसनमुक्ती केंद्र सुरू केलं. तिथली वाट पूर्ण व्यसनमुक्तीची.

चिठ्ठीवर हेरॉइन भारतात मिळत नाही. मिळते ती ब्युप्रेनॉर्फिनची जिभेखाली ठेवायची गोळी आणि काही ठिकाणी मेथाडोन. सुईने नशा करणाऱ्यांना हा उपचार सरकारी केंद्रांत फुकट मिळतो. घरात, शेजारात कुणाला गरज असेल, तर व्यसनमुक्तीसाठीचा केंद्र सरकारचा निःशुल्क क्रमांक लिहून ठेवा: 14446.